दार दिसता कामा नये

“दार कुठंय?” मॅडमनी विचारलं.

“इथंच,” मी म्हणालो आणि भिंतीवर तळहात दाबला. काही झालं नाही. शेजारचं पॅनेल दाबलं. तेही हललं नाही. मग त्याच्या शेजारचं.

“इथंच म्हणजे?”

“या भिंतीत, मॅडम.”

“ते कळलं. भिंतीत कुठं?”

मॅडम अग्निशमन विभागाच्या अधिकारी. हातात पॅड, पायात बूट, चेहऱ्यावर काहीही नाही. मी त्या हॉलचा इंटिरियर डिझायनर. भिंत माझी, डिझाइन माझं, दारही माझंच. आणि मी त्या भिंतीला मालिश करत असल्यासारखा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत होतो. मागे हॉलचे मालक नाना उभे होते. ते आधी हसत होते. मग त्यांचं हसू हळूहळू कमी होत गेलं, कारण मॅडम ज्या दाखल्यासाठी आल्या होत्या, त्याच्यावर त्यांच्या मुलीचं लग्न अडलं होतं.

आता हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगतो. माझीच फजिती आहे, त्यामुळे सांगायला मजा येते.

नाशिकमध्ये लग्नाच्या कार्यालयाला लॉन्स म्हणतात. हिरवळ असो वा नसो, नाव लॉन्सच. नाना हे सायखेडा रस्त्याला झेंडू आणि शेवंती पिकवणारे शेतकरी. रोज पहाटे त्यांची गाडी फूलबाजारात. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या लग्नांना फुलं पुरवून त्यांच्या लक्षात आलं की आपल्याही जमिनीवर लग्नं लागू शकतात. म्हणून त्यांनी रस्त्याच्या कडेला लॉन्स काढली आणि मधोमध एसी हॉल बांधला. पहिलं लग्न पोटच्या पोरीचं, प्रतीक्षाचं, असं ठरलं. पत्रिका वाटून झाल्या. मग अग्निशमनचा दाखला मागायची आठवण झाली. आग लागली तर माणसं सुखरूप बाहेर पडतील, अशी सोय या जागेत आहे, असं तो दाखला सांगतो. तो नसेल तर हॉल उघडता येत नाही. आणि लग्नाचा हंगाम ऐन भरात. आजूबाजूची एकही लॉन्स रिकामी नव्हती.

हॉलला मोठं दार पुढे. पण एवढ्या हॉलला एक दार पुरत नाही, मागेही एक लागतं. आर्किटेक्टने प्लॅनमध्ये ते काढलं होतं. अगदी नियमात. घोळ असा की ते नेमकं स्टेजशेजारच्या भिंतीत येत होतं. आणि ती भिंत म्हणजे नानांची सेल्फी वॉल.

“आवो डिझाइनर,” नाना पहिल्याच मीटिंगला म्हणाले होते, “सगळी पब्लिक फोटू तिथंच काढणार. तिथं मधीच दार आलं तर कसं दिसंल? नवरा-नवरीच्या मागं दार! जणू आत्ताच चोरी करून निघालेत.”

“नाना, दार तर ठेवावं लागेल.”

“ठेवा की. नाय कोण म्हणतंय? फक्त दिसता कामा नये.”

खरं तर हे वाक्य ऐकून माझ्यासारख्या अनुभवी माणसाने उठून जायला हवं होतं. मी उलट खुर्ची पुढे ओढली. कारण न दिसणारं दार हे आमच्या धंद्यातलं लाडकं काम आहे. याला आम्ही कन्सील्ड डोअर म्हणतो. संपूर्ण भिंतीला सारखी पॅनेलं लावायची, दोन पॅनेलांच्या मध्ये बारीक खाच ठेवायची आणि त्यातलंच एक पॅनेल म्हणजे दार. कडी नाही, मूठ नाही. दाबलं की आतली कळ सुटते आणि दार उघडतं. मूठ लावली की रेषा बिघडते. रेषा बिघडली की आमचा जीव खालीवर होतो. घरमालकाला घर गळलं तर जेवढा त्रास होत नाही, तेवढा आम्हाला रेषा तुटली की होतो.

तर मी शॅम्पेन रंगाची, म्हणजे फिकट सोनेरी भिंत केली. त्यावर मशीनने कोरलेली झेंडूची फुलं. बाहेर दोन एकर खरा झेंडू उभा होता आणि आत मी लाकडाच्या भुशाच्या फळ्यांवर खोटा झेंडू कोरत होतो. यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही. नानांनाही नाही. शेतकऱ्याला शेतातल्या फुलाचं कौतुक नसतं, ते आमच्यासारख्यांनी करायचं.

सुताराने दार अप्रतिम केलं. खाच इतकी बारीक की त्यात नख शिरेना. एकच खोट राहिली. इतर खाचा नुसत्या वरवरच्या, पण दाराची खाच आरपार. त्यामुळे दुपारी तिच्यातून बाहेरच्या उन्हाची एक उभी रेघ दिसायची. मी पॉलिशवाल्या सलीमभाईंना म्हणालो, “सलीमभाई, तो उजेड दिसतोय. बघा जरा.”

सलीमभाईंनी बघितलं.

आर्किटेक्टही एकदा येऊन गेला. माझा जुना मित्र. त्याच्याकडे कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, शिक्का, नंबर, सगळं. तो भिंतीसमोर उभा राहिला, मान तिरकी करून म्हणाला, “वा! दार कळतच नाही रे!” मी खूश. तोही खूश. दोघांनी चहा घेतला.

आणि आता मॅडम उभ्या होत्या.

“टकटक करून बघा,” त्यांनी सुचवलं. आवाजात थट्टा नव्हती, त्यामुळे ते जास्त लागलं.

मी टकटक केली. तिसऱ्या फुलापाशी पोकळ आवाज आला. “सापडलं!” मी ओरडलो. एखाद्या माणसाने स्वतःच्याच घरात चष्मा शोधून काढावा तसा आनंद झाला. दाबलं. कळ सुटल्याचा ‘टक’ आवाज आला. पण दार जागचं हललं नाही. खांदा लावला. नानांनी खांदा लावला. दोघांनी मिळून लावला. दार ढिम्म.

मी सलीमभाईंना फोन केला. स्पीकरवर. ती दुसरी चूक.

“सलीमभाई, सायखेडा रोडच्या हॉलची ती भिंत...”

“हां सर, एकदम मख्खन झालीय ना?”

“त्या उजेडाच्या रेघेचं काय केलं?”

“भरून टाकली सर. तुम्हीच बोलला होता ना, उजेड दिसतो म्हणून. आतून फेव्हिकॉल, वरून लांबी-पुट्टी, मग तीन हात पीयू पॉलिश. आता बापजन्मात उजेड नाही दिसणार.”

मॅडमनी पॅडवर काहीतरी लिहिलं.

आम्ही फिरून हॉलच्या मागे गेलो. तिथून दार अगदी स्पष्ट दिसत होतं. पत्र्याचं, राखाडी, भलंमोठं हँडल असलेलं. म्हणजे आत आग लागली असती तर बाहेरच्या माणसाला आत जायची उत्तम सोय होती. नानांनी हँडलला दोन्ही हात घातले, पाय भिंतीला रोवला आणि शेतातून मुळासकट काहीतरी उपटावं तसा हिसका दिला. कडकड आवाज आला. दार उघडलं. सोबत पीयूचे पोपडे, लांबीची ढेकळं आणि अर्धा डझन लाकडी झेंडू नानांच्या डोक्यावर पडले.

“हे बघा मॅडम,” नाना धापा टाकत म्हणाले, “उघडलं की!”

“आतून उघडायला पाहिजे,” मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “तुमचा लायसन्स नंबर द्या.”

“आम्हाला लायसन्स लागत नाही, मॅडम. आर्किटेक्टला लागतं. इंटिरियर डिझायनरला नाही.”

“हो?” त्यांना खरंच ठाऊक नव्हतं की त्या मजा घेत होत्या, ते आजतागायत कळलेलं नाही. “मी लिहिणार होते, यांचं लायसन्स रद्द करावं. पण नाहीच म्हटल्यावर रद्द काय करणार?”

मला हायसं वाटलं. लगेचच त्या हायशा वाटण्याची लाजही वाटली. पण फार नाही. मी बऱ्यापैकी निर्ढावलेलो आहे.

जाताना मॅडम म्हणाल्या, “आठवड्याने परत येते. दार सापडेल असं करा.”

त्या गेल्यावर नाना पायरीवर बसले. केसांत लांबी. प्रतीक्षा पॉलीहाऊसकडून धावत आली. फुलांचा सगळा व्यवहार तीच बघते, ऑर्डरी, गाड्या, हिशेब, सगळं. आवाज शांत, पण फोनवर व्यापाऱ्यांना घाम फोडते.

“काय झालं, नाना?”

“दार सापडंना,” नाना म्हणाले. “डिझाइनरनी लपवलं आन् त्यांनाच घावंना.”

“काका, लग्न तर होईल ना?”

“शंभर टक्के,” मी म्हणालो. आमच्या धंद्यात हे उत्तर प्रश्न ऐकण्याआधीच तयार असतं.

आता मधे एक दुसरी गोष्ट सांगायला हवी. त्याच आठवड्यात आमच्या नाशिकच्या डिझायनर मंडळींच्या संघटनेची सभा होती. विषय असा की इंटिरियर डिझायनर, लँडस्केपवाले, फर्निचरवाले अशा सगळ्यांना सरकारी लायसन्स सक्तीचं करावं, अशी मागणी करायची की नाही. ठराव मांडणाऱ्या आमच्या अध्यक्षा वर्षाताई. आम्हा सगळ्यांपेक्षा ज्येष्ठ, आणि हातातलं पेन टेबलावर आपटून बोलायची सवय. विरोधात मुख्य वक्ता मी.

वर्षाताई म्हणाल्या, “चहाच्या टपरीला लायसन्स लागतं. फुलांवर मारायचं औषध विकायला लागतं. साइटवर वायर जोडणाऱ्याकडे लायसन्स, माल आणणाऱ्या टेम्पोवाल्याकडे लायसन्स. आणि त्या साइटवर सगळ्यांना हुकूम सोडणारा जो माणूस, त्याच्याकडे काय? व्हिजिटिंग कार्ड!”

लोक हसले. मग मी उठलो.

माझं भाषण तयार होतं. मी म्हणालो, शिक्का मारायचा तर गॅसच्या सिलिंडरवर मारा, कल्पनेवर नको. मी म्हणालो, आज लायसन्स आणा, उद्या पडद्याचा रंग पास करून घ्यायला खिडकीसमोर रांग लावाल. मी म्हणालो, सातपूरच्या कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागलो तेव्हा माझ्याकडे डिप्लोमाही धड नव्हता, लायसन्सची अट असती तर आज मी कुठे असतो? मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “सातपूरलाच!” त्यावरही टाळ्या पडल्या. शेवटी मी जरा घसा खाकरून म्हणालो, “चांगल्या डिझायनरला एकच लायसन्स लागतं, समाधानी क्लायंट.”

प्रचंड टाळ्या. एकाने व्हिडिओ काढला. ठराव सपशेल पडला.

त्या क्षणी सायखेडा रस्त्याला माझा समाधानी क्लायंट डोक्यातली लांबी धुऊन काढत होता, हे मी सभेला सांगितलं नाही.

बरं, एवढं होऊनही मी सुधारलो असं समजू नका. दाराची दुरुस्ती मी माझ्या पद्धतीने केली. खाच मोकळी केली, उजेड अडवायला मागून रबरी पट्टी लावली, कळ बदलली. दाराला मूठ लावली, पण पितळेची, करंगळीएवढी, झेंडूच्या पाकळीच्या आकाराची. आणि वर अक्षरं लावली, ‘बाहेर’. तीही पितळेची. शॅम्पेन रंगाच्या भिंतीवर पितळी अक्षरं म्हणजे तांदळावर मीठ. पण रेषा शाबूत होती. नाना खूश झाले.

“आता दिसतंय बी आन् दिसत नाय बी,” ते म्हणाले. मला ती दाद वाटली.

मॅडम परत आल्या. या वेळी प्रतीक्षाही हजर होती. मॅडमनी दार बघितलं. पाकळी ओढली, कळ सुटली, दार ढकलून उघडलं, बंद केलं. पुन्हा उघडलं, बंद केलं. मी नानांना डोळा मारला.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “आता असं करा. तुम्ही, नाना आणि ह्या नवरीबाई, तिघं फोन माझ्याकडे देऊन आत थांबा. पडदे ओढून घ्या. पुढचं दार मी लावून घेते, मेन स्विच खाली पाडते आणि मागच्या दाराबाहेर जाऊन उभी राहते. तुम्ही या दाराने बाहेर या. एवढंच.”

“दुपारी?” मी हसलो.

“दुपारच बरी. सुरुवात तरी उजेडात होईल.”

पडदे माझेच. उन्हाचा टिपूस आत येऊ न देणारे. त्यांचीही मी त्या दिवसापर्यंत जाहिरात करत होतो. पुढचं दार लागलं. खट्ट आवाज झाला आणि हॉल नाहीसा झाला.

पहिल्यांदा मला गंमत वाटली. हॉल मी डिझाइन केलेला. प्रत्येक टाइल मला पाठ. मी आत्मविश्वासाने चार पावलं टाकली आणि स्टेजची कड नडगीवर बसली. तोंडातून जे बाहेर पडलं ते प्रतीक्षाने ऐकलं नसावं अशी आशा आहे.

“इकडं या माझ्या आवाजाकडं,” नाना म्हणाले.

“तुम्ही कुठं आहात?”

“मला काय ठावं?”

मी हात पुढे करून चाललो. भिंत लागली. फुलं लागली. फूल, फूल, पाकळी. ही पाकळी सैल होती. धरून ओढली.

“आवो डिझाइनर, माझा कान हाय तो!”

प्रतीक्षा हसली. मीही हसलो. मग पुन्हा फुलं चाचपू लागलो. सगळी सारखी. प्रत्येक फुलाला पाकळ्या, प्रत्येक पाकळी करंगळीएवढी. मी मूठ पाकळीच्या आकाराची केली होती ना! पितळी अक्षरं डोक्याच्या वर कुठेतरी होती आणि अंधारात पितळ आणि पुठ्ठा सारखंच. हळूहळू आमचं हसणं थांबलं. नानांचा श्वास जोरात ऐकू येत होता. मला मी कोणत्या भिंतीपाशी आहे हेच कळेना. एसीची गार हवा अजून हॉलभर होती, तरी माझी पाठ ओली झाली.

“काका,” प्रतीक्षाचा आवाज आला. “माझी मामेबहीण आठव्या महिन्यात आहे. तिला पहिल्या सोफ्यावर बसवायचं ठरलंय. स्टेजच्या अगदी समोर.”

मी पुढचं फूल ओढून बघितलं.

“आणि धूर असेल तर?”

नाना म्हणाले, “पोरी, असं बोलू नको लग्नाच्या तोंडावर.”

“आत्ता नाही बोलायचं तर कधी बोलायचं, नाना?”

मी फुलं चाचपत राहिलो. दोनदा त्याच कोपऱ्यात पोचलो. शेवटी बाहेरून दार उघडलं आणि मॅडम उजेडात उभ्या होत्या. दार माझ्यापासून दोन हातांवर होतं. आम्ही तिघं तिकडे पाठ करून उभे होतो.

किती वेळ लागला, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. नुसतं मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर धरलं.

नाना लगेच वाटाघाटीला लागले. “मॅडम, एक बारका बल्ब लावला तर? भिंतीच्या कलरचा?”

“नाना,” प्रतीक्षा म्हणाली, “हिरवं दार लावायचं. मोठं. वर तो पळणाऱ्या माणसाचा बोर्ड, दिवा असलेला. लाइट गेली तरी चालणारा.”

“आगं पण फोटूत...”

“फोटो बघायला माणसं उरायला पाहिजेत ना?”

मी माझ्या भिंतीकडे बघितलं. बरोबर मधोमध हिरवं दार. मी शेवटचा प्रयत्न केला. म्हणालो, “हिरव्यात एक फार सुंदर शेड आहे. फिकट पिस्ता. भिंतीशी जाईल.”

“हिरवा म्हणजे हिरवा,” मॅडम म्हणाल्या.

सलीमभाई, सुतार आणि मी, तिघांनी मिळून मग ते दार केलं. आतून पॅनिक बार लावला, म्हणजे दाराला आडवा दांडा. अंगाने ढकलला तरी दार बाहेर उघडतं. शोधायचं काही नाही, ओढायचं काही नाही. घाबरलेला माणूस विचार करत नाही, ढकलतो. हे ज्याने कोणी पहिल्यांदा लक्षात घेतलं तो खरा डिझायनर, असं मला आता वाटतं. दाराच्या आजूबाजूचे झेंडू काढून टाकले, जमिनीवर चमकणारी पट्टी चिकटवली. भिंत इतकी भयंकर दिसू लागली की सलीमभाई म्हणाले, “सर, फोटो नका काढू, माझं नाव जाईल.”

मॅडम आल्या. पुन्हा दिवे घालवले. या वेळी बोर्ड हिरवागार पेटला, खाली पट्टी चमकली आणि नाना सगळ्यांच्या आधी बाहेर पोचले. बाहेर पोचून ते पलीकडच्या झेंडूच्या शेतात थांबले, इतका जोर लावला होता. दाखला मिळाला.

लग्न झालं. थाटात झालं. काहीही पेटलं नाही, कोणी घाबरलं नाही, मागचं दार वापरायची वेळ आली ती फक्त तंबाखू मळायला बाहेर जाणाऱ्या वऱ्हाड्यांना. सेल्फी वॉलसमोर फोटोसाठी तोबा गर्दी. फोटोग्राफरने जोडप्याला कितीही डावी-उजवीकडे सरकवलं तरी प्रत्येक फोटोत नवरदेवाच्या डोक्यावर तो हिरवा माणूस दाराकडे धावताना आला. नवरदेवाचे मित्र खालून ओरडत होते, “भावा, बघ, तो रस्ता दाखवतोय! अजून वेळ आहे!” नवरदेव लाजला. प्रतीक्षाने मागे वळून बोर्ड बघितला आणि इतकी हसली की मुंडावळ्या हलल्या. तोच फोटो त्यांनी मोठा करून लावलाय. मामेबहीण पहिल्या सोफ्यावर बसून पाय वर घेऊन आइसक्रीम खात होती. मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असावं, कारण तिच्या नवऱ्याने मला येऊन विचारलं, “काही हवंय का?”

दुसऱ्या दिवशी मी वर्षाताईंना फोन केला.

“ताई, तो लायसन्सचा ठराव पुन्हा मांडूया.”

“ठराव पडला. तुझ्या भाषणाने.”

“म्हणूनच पुन्हा मांडूया.”

“कोण मांडणार?”

“मी.”

पलीकडे पेन आपटल्याचा आवाज आला. मग त्या हसायला लागल्या. “आधी तुझा तो व्हिडिओ काढून टाकायला सांग. समाधानी क्लायंट! पोरं स्टेटसला ठेवतायत.”

आता माझी पंचाईत अशी आहे की शहरात लायसन्सविरोधी म्हणून मीच प्रसिद्ध आहे. कोणी लायसन्सचा विषय काढला की माझाच व्हिडिओ मला पाठवतात.

तरी माझं मत सांगतो. लायसन्स असतं तर मी ते दार बनवलंच नसतं, असं नाही. माझ्या आर्किटेक्ट मित्राकडे लायसन्स होतं आणि त्याने दाराला ‘वा’ म्हटलं. परीक्षा पास झालेला माणूसही रेषेच्या प्रेमात पडतो. लायसन्समुळे अक्कल येत नाही, हे माझं सभेतलं म्हणणं आजही खरं आहे. पण लायसन्स अकलेसाठी नसतंच. गाडी नीट चालवतो म्हणून ते देत नाहीत फक्त. कोणाला धडकलास तर काढून घेता यावं, यासाठीही देतात. माझ्याकडून काढून घेण्यासारखं काहीच नव्हतं, आणि ते ऐकून मला हायसं वाटलं होतं. ज्या माणसाला असं हायसं वाटतं, त्याच्याकडे लायसन्स असायला हवं. पडद्याच्या रंगाला नको, उशीच्या खोळीला नको. पण जिथे चार लोकांपेक्षा जास्त माणसं जमणार, तिथे सही करणारा आणि सहीसाठी धरला जाणारा माणूस असावा. मग तो मी का असेना.

परीक्षा मात्र लेखी नको. उमेदवाराला त्यानेच डिझाइन केलेल्या जागेत न्यावं, दिवे घालवावेत आणि बाहेर यायला सांगावं. आला तर पास.

सरकार हे कधी करेल माहीत नाही. तोवर मी प्रत्येक काम सोपवण्याआधी हे स्वतःच करतो. क्लायंटला शेजारी उभं करतो आणि दिवे बंद करतो. परवा कॉलेज रोडच्या एका घरी केलं. घरच्या काकूंना वाटलं, हा वास्तुशांतीतलाच काही प्रकार असावा. त्यांनी विचारलं, “याला मुहूर्त काढायचा का?”

“नको,” मी म्हणालो. “फक्त तो कोपऱ्यातला टीपॉय उचला. तो मीच सुचवला होता आणि आत्ताच गुडघ्याला लागला.”